पिवळा पडलेला सेपरेटर

जुलैत सावंतवाडीत कपाटातल्या वह्यांनाही बुरशी धरते, आणि आमचं काम असं की हवेतली ओलसुद्धा चालत नाही. सोडियम-आयन बॅटरीच्या ॲनोडसाठी, म्हणजे ऋण टोकासाठी, मी आयर्न डायसल्फाइडवर, लोखंड-गंधकाच्या संयुगावर, काम करते. "सोडियम म्हणजे मीठच ना? शिरोड्याच्या मिठागरातून आण की!" हा विनोद घरी ठरलेला. सोडियम मुबलक आहे हे खरं, पण त्याचा आयन १.०२ ॲंगस्ट्रॉम त्रिज्येचा, लिथियमचा ०.७६. लिथियम बॅटरीतल्या नेहमीच्या ग्रॅफाइट ॲनोडमध्ये तो नीट शिरतच नाही. त्याऐवजी वापरतात तो हार्ड कार्बन, म्हणजे अस्ताव्यस्त थरांचा कार्बन, ग्रॅममागे साधारण ३०० मिलिअँपिअर-तास क्षमता देतो. आमच्या सल्फाइडचा कागदावरचा आकडा ८९४. त्याच आकड्याला भुलून हा विषय घेतला होता.

सेल सुरुवातीला झकास चालला. मग क्षमता घसरत गेली आणि आलेखाची रेघ तळाला टेकली. त्या दिवशी तो उघडायचा ठरला. बाहेर मुसळधार पाऊस, वीज येऊन-जाऊन, ग्लोव्हबॉक्स, म्हणजे आरगॉन वायूने भरलेली हवाबंद पेटी, इन्व्हर्टरवर. आरगॉनमध्ये जाड रबरी हातमोज्यांतून नाण्याएवढा सेल फोडणं म्हणजे छळच. झाकण निघालं आणि दोन टोकांना वेगळं ठेवणारा पांढराशुभ्र ग्लास फायबरचा पडदा, सेपरेटर, चक्क पिवळा! काचेला नाक लावून उभे असलेले आमचे प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "मॅडम, आत हळद सांडली काय?"

हळद नव्हे, आमचं गंधकच होतं ते. सोडियमशी अभिक्रिया होताना तयार झालेली पॉलिसल्फाइडं, म्हणजे गंधकाच्या साखळ्यांची संयुगं, इलेक्ट्रोलाइटमध्ये, सेलमधल्या द्रवात, विरघळून पलीकडे निघाली होती. या द्रवातल्या नेहमीच्या कार्बोनेट द्रावकांशी तर ती थेट भांडतात. शिवाय व्होल्टेज पार तळापर्यंत उतरवला की डायसल्फाइड मोडून लोखंड आणि सोडियम सल्फाइड होतं, कण फुगतात, तडकतात. चिमट्याने उचलताच लेपाचे पापुद्रे सुटून आले. इतके दिवस मी दोष ओलीवर ढकलत होते.

पुढचे सेल डायग्लाइम या ईथर द्रावकात बांधले आणि डिस्चार्ज ०.८ व्होल्टवर थांबवला. क्षमता बरीच कमी, पण रेघ आडवी. ॲनोडचा व्होल्टेज इतका वर राहिला की पूर्ण बॅटरीचा तेवढा घटतो, ही बोच आहेच. सरांनी आलेख पाहिला. "पेपरात आकडा छोटा दिसेल हं."

"दिसू दे, सर," म्हटलं. पुढची बॅच त्याच मर्यादेवर लावली.