स्प्लेंडरचे क्लच कव्हर: नवे पॅकिंग आणि जुना ओरखडा

घरातील 2001 सालची हिरो होंडा स्प्लेंडर गेले वर्षभर उजव्या बाजूने तेल पाझरत होती. पाझर फार नव्हता, पण रात्री गाडी लावली की सकाळी क्लच कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूच्या क्लचवरील झाकणाच्या, खालच्या कडेला एक थेंब लोंबकळत असे आणि फरशीवर त्याचा जोडीदार पडलेला असे. मागच्या पावसाळ्यापूर्वी एका गॅरेजमध्ये पॅकिंग, म्हणजे कव्हर आणि इंजिन यांच्यामधला तेल अडवणारा कागद, बदलून घेतले होते, तरीही दोन महिन्यांत थेंब परत आला. तेव्हा या खेपेला कव्हर घरीच उघडायचे ठरवले.

शनिवारी सकाळी इंजिन थोडे गरम करून तेल काढले. नंतर सायलेन्सर, फुटरेस्टचा दांडा आणि किक उतरवली. किकचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. क्लचची केबल सोडवल्यावर आठ नंबरच्या टी-पान्याने कव्हरचे बोल्ट काढले. या बोल्टांची लांबी सारखी नसते, म्हणून बुटांच्या खोक्याच्या झाकणावर कव्हरची बाह्यरेषा काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी पुठ्ठ्यात खुपसून ठेवला. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो आणि कव्हर दाबले न जाताच घट्ट झाल्यासारखे वाटते; उलट आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर त्याला दोन-चारच आटे मिळतात, आणि ॲल्युमिनियममधले ते आटे पहिल्याच आवळण्यात जातात.

कव्हर निघाल्यावर खरा प्रकार कळला. मागच्या वेळी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना फट बुजवणारे सिलिकॉन भरपूर फासले होते आणि कडेने आत आलेल्या त्याच्या दोऱ्या सुटून तेलाच्या जाळीवर जाऊन बसल्या होत्या. बाहेरच्या कडेला जेवढे सिलिकॉन दिसते, साधारण तेवढेच आतही आलेले असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जाळी ओढून काढून रॉकेलमध्ये धुतली. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावरची तेल गाळणारी वाटीही उघडली. ती क्रँकबरोबर फिरते आणि तेलातील जड कचरा कडेला फेकून तिथेच धरून ठेवते. तिच्या आतल्या कडेवर काळ्या मेणासारखा थर बसला होता, तो लाकडी काडीने खरवडून काढला.

या कामाचा खरा वेळ पॅकिंग बसवण्यात जात नाही, जुने काढण्यात जातो. कागदी पॅकिंग उष्णतेने इंजिनाला भाजल्यासारखे चिकटते. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी त्यावर अर्धा तास ठेवली, मग नवे ब्लेड पृष्ठभागाला जवळजवळ आडवे धरून कागद सोलत गेलो. आत तुकडे पडू नयेत म्हणून इंजिनाच्या पोकळ्यांत स्वच्छ कापड कोंबले होते. दोन तास गेले. कव्हरवर खालच्या बोल्टाजवळ कागद निघाला तेव्हा बोटाच्या नखाला एक आडवी खाच लागली. कोणीतरी कधीतरी फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून कव्हर उचकटले होते, आणि तो ओरखडा आतल्या कडेपासून थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेला होता. थेंब नेमका तिथेच जमत असे. पॅकिंगचा त्यात काहीच दोष नव्हता.

रविवारी जुन्या फोटोच्या चौकटीची काच ओट्यावर ठेवली, तिच्यावर 600 नंबरचा पॉलिश पेपर पसरला आणि कव्हर त्यावर हलक्या हाताने आठाच्या आकारात फिरवले. खाचेच्या दोन्ही बाजूंना वर आलेले काठ झिजून सपाट झाले, पण खाचेचा तळ राहिलाच. तेवढ्याच जागी टूथपिकने सिलिकॉनचा एक टिपका भरला. बाकी पॅकिंग कोरडेच लावले, कारण दोन्ही बाजू सपाट असतील तर कागदाला दुसऱ्या कशाची गरज नसते.

किकच्या दांड्यावरचे दाते नव्या ऑइल सीलची (दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीची) कड कापू नयेत म्हणून दांड्यावर सेलोटेप गुंडाळला आणि सीलला थोडे तेल लावले. दोन्ही डॉवेल (कव्हर नेमके बसवणाऱ्या पिना) जागेवर आहेत याची खात्री करून पॅकिंग त्यांच्यावर चढवले. कव्हर सरकवले, तर ते दोन-तीन मिलिमीटर अलीकडे अडकले. अशा वेळी बोल्ट आवळून कव्हर ओढून घेण्याचा मोह होतो, आणि कव्हरचा कान (बोल्टच्या भोकाभोवतीचा भाग) तुटतो तो याच क्षणी. मी कव्हर परत काढले. आतला क्लचचा दांडा उलट बाजूला वळून आडवा आला होता. कव्हरवरची, केबल जोडायची दांडी बोटाने फिरवून धरली, तेव्हा कव्हर तळहाताच्या दाबाने ‘टक्’ करून बसले.

बोल्ट प्रथम हाताने, मग समोरासमोर तीन फेऱ्यांत आवळले. सहा मिलिमीटर जाडीच्या या बोल्टला 10 न्यूटन-मीटर पुरते. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल तर आखूड पाना दोन बोटांनी धरावा, पूर्ण मुठीत धरू नये. सिलिकॉन सुकण्यासाठी रात्रभर थांबलो, सकाळी 900 मिलिलिटर तेल भरले आणि हँडलवरच्या क्लचच्या दांडीला टोकाशी साधारण 15 मिलिमीटर मोकळी चाल ठेवली.

चाळीस किलोमीटर फिरवून आणल्यावर रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरले. उजवी बाजू कोरडी निघाली. मात्र डाव्या बाजूला, गिअरच्या दांड्याखाली, रुपयाएवढा डाग पडला होता. तिथले सील आणून ठेवले आहे, पण ते बदलण्यासाठी आता पुढच्या शनिवारची वाट पाहावी लागेल.