डग्गा ऐकू आला!

आज गाडीचे पुढचे स्पीकर बदलले. बजेट पाच हजार, त्यामुळे स्टिरिओ जुनाच, अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर बाद. बॉक्सवरच्या ३०० वॉटला भुललो नाही. कंपनीच्या स्टिरिओतून एका स्पीकरला खरे १५-२० वॉटच मिळतात. म्हणून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो, ते बघून घेतले. ३ डेसिबल जास्त असली की तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये निघतो.

पण खरी कमाल दारात झाली. वाशीच्या कारागिराने आतलं पॅड काढलं, पत्र्यावर टिचकी मारली. रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा टणटणला. पत्रा स्पिरिटने पुसून त्याने ब्यूटाइलच्या, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणाऱ्या रबराच्या शीट रोलरने दाबून चिकटवल्या. परत टिचकी: नुसतं ‘ठक्’. पाणी जायची खालची भोकं मात्र मी आवर्जून मोकळी ठेवायला लावली, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजतं.

येताना पामबीच रोडला बाबांचं आवडतं भजन लावलं. दोन मिनिटं ते गप्प. मग म्हणाले, "अरे, यात डग्गा एवढा घुमतो? इतकी वर्षं ऐकूच आला नाही."

नेरुळला आत वळणार, तेवढ्यात म्हणाले, "बेलापूरपर्यंत जाऊन येऊ या का?"