पाच वर्षं डब्यात अडकलेलं भूत

परवा रात्री बेळगावात टिळकवाडीतल्या रूमवर लाईट गेली, बाहेर धो धो पाऊस, आणि लॅपटॉपमध्ये चार्जिंग होतं म्हणून मी न्‌ खानापूरचा दोस्त 'नेंजम मरप्पतिल्लै' लावून बसलो, तमिळ दोघांनाबी येत नाही, कन्नडच्या जोरावर चार शब्द कळतात, बाकी सबटायटल. नावाचा अर्थ काळीज विसरत नाही. सेल्वराघवनचा पिक्चर, शूटिंग २०१६ चं आणि थेटरात आला ५ मार्च २०२१ ला! पैशांच्या भानगडी, रिलीजच्या तोंडावर मद्रास हायकोर्टापर्यंत गेलं प्रकरण. एवढ्यात आमच्या गल्लीतलं पोरगं पाचवीतनं दहावीला पोचलं की.

गोष्ट साधीच, श्रीमंत घरात पोर सांभाळायला आलेली मरियम (रेजिना), मालकाची नजर वाईट, तिचा खून, मग भूत. पण भूत राहू दे बाजूला, मालक झालेला एस. जे. सूर्या बघा! हसतोय, नाचतोय, मधेच थंड नजरेनं बघतोय, भुतापेक्षा ह्याचीच भीती वाटते. युवन शंकर राजाचं म्युझिक तर पाच वर्षांनीबी शिळं वाटत नाही. शेवट जरा ताणलाय, माझं मत.

एका सीनला दोस्ताच्या हातातला कुंदा, आमची बेळगावची मिठाई, गादीवर पडला. तेवढ्यात लाईट आली, तर म्हणतो, "बंद कर रे ती, मजा गेली."