आमची वाटचाल : क्लब गेले, जर्सीवाले राहिले

फुटबॉलची जर्सी कुठल्याही ब्रँडची असो, बॉक्समधून येते तेव्हा पाठ कोरी असते. जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोत, म्हणजे नवे खेळाडू घ्यायच्या मुदतीत, शुक्रवारी साइन झालेला ब्राझिलियन स्ट्रायकर शनिवारी उतरणार असेल, तर त्याचं नाव नि नंबर रात्री कुणीतरी चिकटवायला लागतो. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. शिवाय अकॅडमीच्या पोरांचे किट, ट्रेनिंगचे बिब्स, गोलकीपरचे वेगळ्या रंगाचे सेट, बॉल बॉइजचे टी-शर्ट, हे सगळं आमच्याकडे शिवलं जातं. टीव्हीवर आमचं काम बऱ्याच जणांनी बघितलंय, आमचं नाव कुणी ऐकलेलं नाही, आणि पैसे थकतात ते त्याच्यामुळेच, पण तो विषय पुढे येईल.

वडिलांचं भवानी पेठेत शाळेच्या गणवेशाचं दुकान. मे-जूनमध्ये मरणाचं काम आणि मग वर्षभर माशा मारायच्या. 2007 ला आय-लीग ही देशाची फुटबॉल लीग सुरू झाली, त्याच वर्षी पुणे एफसी हा क्लब आला, आणि बालेवाडीला मॅच बघून आल्यावर आमचे कटिंग मास्टर म्हणाले, शेठ, ह्या पोरांचं कापड बघितलं का, घाम धरत नाही. मास्टर वडिलांच्या वेळेपासूनचे, त्यांना मी पगारातून काढून भागीदार केलं. घरच्यांनी तोंड वाकडं केलं, पण चिंधीसुद्धा वाया न घालवता नीट जाळीचं पॉलिस्टर कापणारा दुसरा माणूस मला आजपर्यंत मिळालेला नाही.

मशीनबद्दल थोडं लिहितोच, वाचणारे धंद्यातलेच असणार. पहिली हीट प्रेस, म्हणजे गरम पाट्याने नंबर चिकटवायचं मशीन, हाताची होती, दांडा दाबायचा नि तोंडाने सेकंद मोजायचे. नंतर आकडे कापणारा प्लॉटर आला, विनाइल, म्हणजे नंबरचं पातळ प्लास्टिक, कापून झालं की नको तो भाग चिमट्याने सोलायचा, 8 नि 6 च्या आतले गोळे हमखास बोटाला चिकटतात. खरी परीक्षा मात्र सब्लिमेशनच्या, म्हणजे उष्णतेने शाई कापडात मुरवलेल्या, लाल जर्सीवर पांढरा नंबर. रात्री पांढराशुभ्र दिसतो आणि सकाळी गुलाबी, कारण उष्णतेने कापडातली शाई वर चढते. तिथे साधं विनाइल चालत नाही, पाठीमागे करडा थर असलेलं ब्लॉकआउटच लागतं आणि तापमान खाली ठेवावं लागतं. मास्टर टेफ्लॉन शीट उचलायच्या आधी वरून हात फिरवायचे आणि नुसत्या तळव्यावरून सांगायचे, शेठ, झालं. आमच्याकडून गुलाबी नंबर कधी बाहेर गेला नाही, हे छाती ठोकून सांगतो. आमच्या स्पर्धकाचे गेलेत, टीव्हीवर दिसलेत.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ऑर्डर आल्या, माल गेला, पैसे आले.

मग क्लब बंद पडायला लागले. पुण्याच्या आधी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2010 मध्ये गाशा गुंडाळला होता, नॅशनल लीग जिंकलेला क्लब, कंपनीने ठरवलं आणि संपलं. पुण्यात भारत एफसी एकच सीझन खेळली, पुणे एफसी त्याच सुमारास गेली, डीएसके शिवाजियन्स 2017 ला आणि एफसी पुणे सिटी 2019 ला. चार-पाच वर्षांत एका शहरातले चार क्लब! त्यात एकही टीम हरली म्हणून बंद झाली नाही. क्लब म्हणजे मालकाच्या कंपनीचं एक खातं, मूळ धंद्यात ओढ लागली किंवा लीगचं गणित पटेनासं झालं की पहिली कात्री तिथे लागते. गोव्यात 2016 ला साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो तिघांनी आय-लीग सोडली तीही लीगच्या आराखड्यावरून. पाच वेळा देशाचा चॅम्पियन राहिलेला धेंपो, विचार करा. लोक म्हणतात भारतात फुटबॉलला प्रेक्षक नाही. प्रेक्षक आहेत हो, मालकाला विचारणारं कुणी नाही. जर्मनीत 50+1 चा नियम आहे, मताचा अधिकार क्लबच्या मेंबरांकडे जास्त. आपल्याकडे कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबच्या कार्यकारिणीने 2021 मध्ये इन्व्हेस्टरच्या अंतिम करारावर सही करायला नकार दिला तेव्हा सगळे त्यांना हट्टी म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, क्लबचे हक्कच दिले तर उरतं काय, नुसता रंग?

आता आमचं. एक व्यावसायिक क्लब होता, नाव घेत नाही, पुण्याचा नव्हता एवढं सांगतो. सीझनभराचं काम मिळालं, अकॅडमीचे सगळे वयोगट धरून. पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आली ती क्लबच्या नावाने नाही, एका स्पोर्ट्स मॅनेजमेंट एजन्सीच्या नावाने, वर लोगो क्लबचा नि खाली जीएसटी नंबर एजन्सीचा. अशीच पद्धत आहे म्हणाले, आणि पद्धत खरंच तशी होती. माल वेळेवर गेला, किट मॅनेजरच्या सह्या घेतल्या, पोरं तेच घालून खेळली. पैसे मागितले तर एजन्सी म्हणे क्लबकडून आले नाहीत. क्लब म्हणे आम्ही एजन्सीला केव्हाच दिलेत. क्लबचा सीईओ सीझनमध्येच बदलला, नवा म्हणाला जुन्या माणसाचं मला काही माहीत नाही, अकाउंट्सवाला फोन उचलेना. चौदा लाख अडकले. तिरुप्पूरच्या कापडवाल्याला तर मला द्यायचेच होते, तो काय लीग बघत नाही. दोन नंबरची फ्लॅटलॉक शिलाई मशीन विकली, बायकोचं सोनं बँकेत गेलं, मास्टर सहा महिने हिस्सा न घेता आले.

त्या दिवसांत क्लब लायसन्सिंगचे, म्हणजे क्लबांना खेळायचा परवाना द्यायचे, नियम मी अक्षरन्‌अक्षर वाचले. एएफसीची, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाची, चौकट आहे, पाच भाग, खेळ, सुविधा, कर्मचारी नि प्रशासन, कायदा आणि पैसा. पैशाच्या भागात थकबाकी बघतात ती दुसऱ्या क्लबांची, खेळाडू-कोच-स्टाफच्या पगाराची नि टॅक्स-पीएफची. जर्सी शिवणारा, बस देणारा, ग्राउंडला पाणी मारणारा, जेवणाचे डबे पोचवणारा, ह्यांचं नावच नाही. परदेशी खेळाडूचे पैसे राहिले तर तो फिफाकडे जातो, ट्रान्सफर बॅन, म्हणजे नवे खेळाडू घ्यायची बंदी, लागतो, आणि बॅन लागला की मालकाच्या खिशातून पैसे बरोबर निघतात. जर्सीवाल्यासाठी कसला बॅन? इंग्लंडमध्येही हेच. पोर्ट्समथ 2010 ला बुडाला तेव्हा फुटबॉलवाल्यांची देणी पूर्ण द्यायची असा लीगचा नियम होता, आणि मैदानावर प्रथमोपचार करणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स बाकीच्यांच्या रांगेत. आता 2025 ला त्यांनी कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला, पण तो व्हायला किती क्लब जावे लागले.

वकील म्हणाले दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटी ह्या कंपन्यांच्या न्यायाधिकरणात जाऊ, एक लाखाच्या वरची थकबाकी चालते. नोटिशीचा मसुदा तयार होता, आणि 24 मार्च 2020 ला सरकारने ती मर्यादा एक लाखावरून थेट एक कोटी केली. त्याच रात्री लॉकडाउन जाहीर झालं. वकिलांचा फोन आला, म्हणाले आता विसरा. मी विसरणाऱ्यातला नाही.

मग एमएसएमई समाधान ह्या लहान उद्योगांच्या थकबाकीच्या सरकारी साइटवर अर्ज टाकला. कायदा 2006 चा आहे, 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आणि अशी प्रकरणं ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा निकाल समोरच्याला कोर्टात उडवायचा असेल तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे ऐकल्यावर एजन्सीला अचानक मालाची क्वालिटी खराब असल्याचं आठवलं. सही केलेली चलनं पुढे ठेवली तेव्हा गप्प बसले. शेवटी तडजोड झाली, मुद्दल हप्त्याहप्त्याने मिळालं, व्याज सोडलं. ते व्याज अजून डोक्यात आहे.

कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो. लहान उद्योगाची 'उद्यम' नोंदणी माल देण्याच्या आधीची पाहिजे, भांडण झाल्यावर ती काढून मागच्या बिलांना उपयोग नाही. नुसती खरेदी-विक्री करत असाल तर ह्या 45 दिवसांचा फायदा मिळत नाही, शिवण-छपाई स्वतःची दाखवा आणि ती खरोखर असू द्या. पीओवर ज्या कंपनीचं नाव आहे ती एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर टाकून बघा, डायरेक्टर कोण, भांडवल किती, कुणाचा बोजा आहे का. शंभर रुपयांत कागद बघायला मिळतात, तेवढ्याचे आपण दोन चहा-भजी खातो. क्लब आणि एजन्सी दोघांची सही घ्या, नाही म्हणाले तर मशीन दुसऱ्या कामाला लावा. आणि आता इन्कम टॅक्सचा 43बी(एच) म्हणून ओळखला जाणारा नियम आहे, 45 दिवसांत पैसे नाही दिले आणि मार्चअखेरही थकले तर समोरच्याला त्या वर्षी तो खर्च टॅक्समध्ये दाखवता येत नाही, मार्चमध्ये फोन त्याचाच येतो.

आमचं हे चालू असताना त्याच एजन्सीचं पुढच्या सीझनचं काम त्याच स्पर्धकाने घेतलं, आमच्यापेक्षा नगाला चाळीस रुपये कमी दराने. क्लबच्या माणसांबरोबर जर्सी हातात धरून फोटो टाकले, ऑफिशियल पार्टनर म्हणून. मी अभिनंदन लिहिलं. पैसे मिळाले का, हे अजून विचारलेलं नाही, पण हल्ली तोही अ‍ॅडव्हान्स मागतो असं कानावर आलंय.

आम्ही तगलो ते कोल्हापूरमुळे. माझं आजोळ तिथलं, तिथे तालीम मंडळांचेच फुटबॉल संघ असतात, पेठेतल्या अशा एका मंडळाचं काम सुरुवातीपासून आमच्याकडे. तिथले आबा, वय झालंय, मंडळाचे खजिनदार. लॉकडाउनमध्ये शाहू स्टेडियम ओस पडलेलं, मॅच नाही काही नाही, आणि ह्या माणसाने पुढच्या सीझनचे निम्मे पैसे पाठवले. फोनवर म्हणाले, “कवा खेळायचं ते देवाला ठावं, पर तू मशीन इकू नगंस, न्हाईतर आमच्या पोरांच्या अंगावर कापड कोण घालणार?” तालमीचं फार कौतुक करायचं नाही, तिथेही गट आहेत, अध्यक्षपदावरून डोकी फुटतात, मॅचला मारामाऱ्या होतात. पण जमाखर्च कट्ट्यावर वाचला जातो, वर्गणी कुणी दिली, बाहेरून आणलेल्या आफ्रिकन खेळाडूला किती दिले, जर्सीवाल्याचं किती बाकी, सगळं चार शिव्यांसकट सगळ्यांसमोर. मालकच नाही, मग बंद कोण करणार.

2025 मध्ये परत तेच झालं. फुटबॉल फेडरेशनचा लीग चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीशी 15 वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता, नवा ठरेना, म्हणून जुलैमध्ये आयएसएल ही देशातली सगळ्यात वरची लीग होल्डवर गेली. एरवी जुलै-ऑगस्टला आमच्याकडे झोपायला वेळ नसतो. त्या वेळी विनाइलचे रोल तसेच पडून होते, आणि क्लबांचे मेल एकच, तारीख कळली की सांगतो. मुलगी आता हिशोब बघते, ती अ‍ॅडव्हान्सशिवाय फाइलच उघडत नाही. मास्टर घरी असतात, गुडघे गेलेत, तरी लाल कापड आलं की व्हिडिओ कॉल लावून नंबर दाखवायला सांगतात.

सध्या आबांची ऑर्डर चालू आहे. छातीवर एका नेत्याचा फोटो छापायचा आग्रह होता, तो आबांनीच हाणून पाडला. बाकी यादी पक्की झालीय, फक्त 10 नंबर दोन पोरांनी मागितलाय आणि मंडळाची बैठक भरते तेव्हा भांडणातच मोडते. मी दोन्ही 10 कापून ठेवलेत, उरेल त्याचं बिल मंडळाच्या नावावर.