वाळवंटातल्या घराची मान्सूनपूर्व तयारी : माझा अनुभव

अॅरिझोनातील सोनोरन वाळवंटात उन्हाळी वादळांचा हंगाम 15 जून ते 30 सप्टेंबर असा मानला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने या तारखा 2008 पासून ठरवून दिल्या. त्याआधी फिनिक्समध्ये सरासरी दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचे माप) सलग तीन दिवस 55 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर राहिला की मान्सून सुरू झाला असे धरत. घर सांभाळणाऱ्याला ठरलेली तारीख सोयीची पडते, कारण आभाळात ढगाचा मागमूस नसतानाच सगळी कामे उरकावी लागतात. मी ती मे महिन्यात, उन्हे चढण्याआधीच्या वेळात हाती घेतली आणि सुरुवात छतापासून केली.

आमचे छत सपाट आहे, भोवती कठडा आहे आणि पाणी बाहेर जाण्यासाठी कठड्यात आयताकृती भोके ठेवलेली आहेत. ही भोके तुंबली तर कठड्यामुळे छताचे तळे होते आणि साचलेल्या पाण्याचे सारे वजन घरावर येते. एका भोकात मेस्किट झाडाच्या वाळलेल्या शेंगा, बारीक काड्या आणि वाऱ्याने आणलेली माती यांचा इतका घट्ट बोळा झाला होता की तो हाताने निघेना, खुरप्याने उकरावा लागला. सगळी भोके मोकळी केल्यावर मी नळी लावून छतावर पाणी सोडले आणि ते कुठे वाहते, कुठे रेंगाळते हे पाहत उभा राहिलो. पाणी सुकल्यावर जिथे मातीची गोल कड उमटली, तिथे छताला खळगा होता. खळगे आणि एसीच्या पाइपाभोवतीच्या भेगा कारागिराकडून भरून घेतल्या आणि वरून पांढरे कोटिंग मारून घेतले. वर्षभराच्या उन्हाने कोटिंग तडकते, त्यामुळे ही पाहणी दर वर्षी करायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

झाडांबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटत होती. पालो वर्दे आणि मेस्किट ही इथलीच झाडे असली, तरी बागेत त्यांना रोज थोडे थोडे पाणी मिळाले की मुळे वरच्या थरातच पसरतात, आणि मग वादळात अख्खे झाड मुळासकट उलथते. म्हणून मी ठिबकची वेळ बदलली : पाणी खूप दिवसांच्या अंतराने, पण खोलवर मुरेल इतके. छाटणी करतानाही आतल्या फांद्या सरसकट काढू दिल्या नाहीत, कारण तसे केल्यास सगळा भार टोकांवर जातो आणि फांद्या मोडतात. शिवाय साल उघडी पडून उन्हाने भाजते. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि छतावर झुकलेल्या फांद्या तेवढ्या काढल्या.

इथे पावसाआधी बऱ्याचदा धूळ येते. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून पसरते आणि सुटी माती उचलून भिंतीसारखी पुढे रेटते. 5 जुलै 2011 रोजी फिनिक्सवर आलेली अशी भिंत किमान 5,000 फूट उंच होती. तेव्हा दाराखालच्या झिजलेल्या रबरी पट्ट्या बदलणे, खिडक्यांच्या फटींत सीलंट भरणे आणि एसीचे जादा फिल्टर आणून ठेवणे ही कामे दिसायला किरकोळ असली तरी टाळण्यासारखी नाहीत. या मातीत व्हॅली फीव्हर नावाच्या फुप्फुसाच्या आजाराची बुरशी असते, हे लक्षात घेता धूळ घरात न येऊ देणे हा आरोग्याचाच प्रश्न आहे. अंगणातल्या खुर्च्या आणि छत्री मी गॅरेजमध्ये हलवली.

पुराचा विचार मात्र आणखी आधी करावा. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान सहसा धरलेले नसते आणि राष्ट्रीय पूरविमा योजनेची पॉलिसी साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते, म्हणून अर्ज मेच्या सुरुवातीलाच केला. काही ठिकाणी जमिनीखाली कॅलिचीचा सिमेंटसारखा कडक थर असतो. त्यात पाणी मुरत नाही, ते उताराच्या दिशेने धावते. भिंतीलगतची खडी बाजूला सारून उतार घरापासून दूर जाईल असा करून घेतला आणि मागच्या दारासाठी वाळूची पोती भरून ठेवली.

पहिले वादळ संध्याकाळी आले. आधी धुळीने समोरचा रस्ता दिसेनासा झाला, मग पाऊस कोसळला आणि कठड्याच्या प्रत्येक भोकातून पाण्याची जाड धार पडू लागली. दुसऱ्या दिवशी एसीचा फिल्टर करडा झालेला दिसला, तो बदलला. वीज बंद करून बाहेरच्या युनिटची जाळी हलक्या धारेने धुतली. छतावर शिडी लावून पाहिले, तर भोकांशी नव्या शेंगा आणि पाने येऊन अडकलीच होती. ती काढून टाकली, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक वादळानंतर छतावर चढायचे असे ठरवून शिडी मागच्या दाराजवळच बांधून ठेवली.