आमची वाटचाल : ब्लॅक अँड व्हाइट आम्ही सोडलं नाही

वडिलांनी 1971 साली कोल्हापुरात स्टुडिओ काढला तेव्हा फोटो म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटच. उटीचा इंदू फोटो कागद, ओर्वोचे फिल्म रोल आणि घरी तोलून केलेला डी-76, म्हणजे फिल्म डेव्हलप करायचं रसायन. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स. क्रम चुकला की वडील अख्खं भांडं ओतून द्यायचे. रिटचिंगच्या पेन्सिली त्यांनी कुणाला हात लावू दिल्या नाहीत, मलासुद्धा नाही. पुढं लग्नं, परीक्षेचे फॉर्म, पासपोर्ट यांवर घर चाललं.

2003 नंतर मात्र पायाखालची वाळू सरकली. आमच्याच डार्करूममध्ये हात तयार झालेल्या एकानं समोरच्या बाजूला डिजिटल कलर लॅब टाकली. लॅब टाकल्याचं दुःख नाही, धंदा कुणीही करावा. पण आमच्या दारातून वळवून नेलेल्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "ब्लॅक अँड व्हाइटला काय लागतंय? एक बटण दाबलं की झालं." ते प्रिंट लोक मला आणून दाखवायचे. सावल्यांत हिरवट झाक, उन्हात धरलं तर जांभळट. तसं होणारच. कलर पेपरवर करडा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून येतो; मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे रंगांचा मेळ, जरा हललं की करडा करडा राहत नाही. कॉलेजचं वर्षानुवर्षांचं काम याच प्रिंटांपायी गेलं. स्वस्त पडतं म्हणून. तो राग अजून गेलेला नाही.

त्यात 2005 उजाडलं. कोडॅकनं ब्लॅक अँड व्हाइट कागद बंद करत असल्याचं जाहीर केलं, आग्फाफोटोनं दिवाळखोरी पुकारली. ज्या होलसेलरला वडिलांनी आयुष्यभर रोख मोजली, त्यानं माझ्याकडून आगाऊ पैसे घेऊन मुदत संपलेली खोकी पाठवली. कोरा कागद डेव्हलपरमध्ये टाकला तरी करडा पडायचा. माल परत घेतला नाही, पैसेही दिले नाहीत. दुकान विकायची बोलणी सुरू झाली होती.

तेव्हा उभे राहिले ते एका तालमीचे वस्ताद. दरवर्षी त्यांच्या पैलवानांचे फोटो आमच्याकडेच व्हायचे. याशिका कॅमेरा, 120 चा रोल, मागं काळा पडदा, एकाच बाजूनं लाइट आणि लेन्सवर पिवळा-हिरवा फिल्टर. हिरव्या फिल्टरनं कातडीचा लालसरपणा गडद होतो आणि दंडाचा, पाठीचा कट उठून दिसतो. त्या वर्षी वस्तादांनी फोटो काढायच्या आधीच पैसे गल्ल्यावर ठेवले. "रंगीत आमाला नको. रंगात लंगोट दिसतोय, पैलवान दिसत न्हाई. तू कशानं बी काढ, पर अंग दिसाय पायजे."

त्या पैशांवर आणि बँकेच्या कर्जावर पुढं निकॉन डी-300 आणि तीन काळ्या शाईंचा एप्सन प्रिंटर आला. पहिल्याच दिवशी फरक कळला. तेल चोळलेल्या खांद्यावर लाइट पडला की फिल्म सांभाळून घ्यायची, डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर घेत नाही. तिथं पांढरा डाग पडतो आणि तो कशानंही भरून येत नाही. फिल्मला सावलीकडं बघून एक्सपोजर द्यायचं, डिजिटलला उजेडाकडं बघून. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, आणि रंगीतच घ्यायचा, मग कॉम्प्युटरवर एकेक रंग कमी-जास्त करायच्या चॅनल मिक्सरमध्ये हिरवा वर, लाल खाली. तोच जुना फिल्टर, फक्त लेन्सवरून कॉम्प्युटरमध्ये गेला. आखाड्याची तांबडी मातीही त्यानं गडद पडते, पैलवान तिच्यातून सुटा दिसतो. मॅट कॉटन पेपरवरचा प्रिंट आणि वडिलांनी डार्करूममध्ये काढलेला ब्रोमाइड प्रिंट वस्तादांनी आधी ट्यूबलाइटखाली, मग खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरले. "चालंल," म्हणाले. दोन्ही तालमीच्या एकाच भिंतीवर लागले.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी. नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा जोर, शून्यावर आणून ब्लॅक अँड व्हाइट होत नाही. हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड रोज बघा; पांढरे डाग तिथंच कळतात. कागद बदलला की प्रिंटरमधलं त्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे शाईचं सेटिंग, बदलल्याशिवाय प्रिंट काढू नका. हार्ड डिस्क दोन ठेवा, आणि दोन्ही एकाच घरात ठेवू नका. आणि वाडवडिलांच्या निगेटिव्ह रद्दीत घालू नका! आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, म्हणून कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल दर पावसाळ्याआधी बदला.

समोरची लॅब आता बंद आहे. तिच्या गिऱ्हाइकांचे हिरवट पडलेले प्रिंट दुरुस्तीला आमच्याकडे येतात. मूळ फाइल असेल तर नवा प्रिंट काढून देतो, नुसताच प्रिंट असेल तर स्कॅन करून. वडिलांच्या काळातल्या निगेटिव्ह नंबरवार लावून ठेवल्या आहेत. ज्यांचे फोटो आमच्याकडे निघाले त्यांनी घरातल्या जुन्या फोटोच्या पाठीवरचा नंबर घेऊन यावं.