पंधरा दिवसांच्या अंतराने लिहिलेले दोन कागद

मेक्सिकोपासून फुटून निघण्यासाठी टेक्सासने लढलेल्या १८३५-३६ च्या स्वातंत्र्ययुद्धाची कथा बहुधा अलामो या गडाच्या वेढ्याभोवतीच फिरते. या खेपेस मी ती बाजूला ठेवून मूळ कागदपत्रे वाचली, आणि वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस या लहानशा गावी एकाच सभेने पंधरा दिवसांच्या अंतराने मंजूर केलेल्या दोन कागदांपाशी अडून राहिलो.

पहिला २ मार्चचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. मेक्सिकोचा अध्यक्ष सांता आना याने देशाची १८२४ ची संघराज्यात्मक घटना मोडीत काढली, ज्यूरीपुढे न्याय मिळण्याचा हक्क दिला नाही, सार्वजनिक शिक्षणाची व्यवस्था केली नाही, अशा तक्रारींची त्यात रांग आहे. गुलाम बाळगण्याच्या हक्काविषयी मात्र अवाक्षर नाही. दुसरा कागद १७ मार्चच्या घटनेचा, आणि तेथे संकोच पार गळून पडलेला दिसतो. काँग्रेसला, म्हणजे टेक्सासच्या नव्या विधिमंडळाला, गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार नसेल, अमेरिकेतून येणाऱ्या वसाहतकारांना आपले गुलाम सोबत आणण्यास मनाई करता येणार नाही, एवढेच नव्हे तर एखाद्या मालकाला स्वतःच्या गुलामाला मुक्त करावेसे वाटले, तरी काँग्रेसच्या संमतीवाचून किंवा त्या माणसाला देशाबाहेर पाठवल्यावाचून तसे करता येणार नाही. मालमत्तेच्या हक्कासाठी लढणाऱ्यांनी हा एकच हक्क मालकाकडून काढून घेतला!

ही कलमे एकाएकी सुचलेली नव्हती. अमेरिकन वसाहतकारांना टेक्सासात आणून वसवणाऱ्या स्टीफन ऑस्टिनच्या पहिल्या वसाहतीत प्रत्येक गुलामामागे ८० एकर जादा जमीन मिळत असे. कापसाचे सारे गणितच त्यावर उभे होते. टेक्सास तेव्हा ज्यात मोडत असे, त्या मेक्सिकोच्या कोआविला-टेक्सास राज्याच्या १८२७ च्या घटनेने नवे गुलाम आणण्यावर बंदी घालून गुलामांची पुढे जन्मणारी मुले मुक्त ठरवली, तेव्हा मळेवाल्यांनी सरहद्द ओलांडण्यापूर्वी गुलामांकडून ९९ वर्षांच्या चाकरीचे करार करून घेण्याची युक्ती काढली. १८२९ मध्ये मेक्सिकोचा तेव्हाचा अध्यक्ष बिसेंते गेरेरोने गुलामगिरी रद्द केली. टेक्सासला काही आठवड्यांतच सूट मिळाली खरी, पण ती आज आहे, उद्या नाही, ही धास्ती राहिली. टेक्सास हा गुलामांचाच प्रदेश असला पाहिजे, असे ऑस्टिनने १८३३ मध्ये एका पत्रात लिहून ठेवले आहे.

सांता आनाच्या केंद्रीकरणाविरुद्ध मेक्सिकोतल्याच साकातेकास राज्यानेही बंड केले होते आणि तेथे कापसाच्या मळ्यांचा प्रश्न नव्हता. टेक्सासच्या बाजूने लढलेल्या हुआन सेगीनसारख्या तेहानोंची, म्हणजे टेक्सासातल्या मेक्सिकन वंशाच्या रहिवाशांची, कारणेही मळेवाल्यांहून वेगळी होती. त्यामुळे गुलामगिरी हेच एकमेव कारण, असे मी म्हणणार नाही. परंतु जिंकल्यावर कोणती गोष्ट कायद्याने कायमची बांधून ठेवावी, याविषयी त्या सभेच्या मनात संदेह नव्हता. ग्रीनबरी लोगन हा स्वतंत्र कृष्णवर्णीय डिसेंबर १८३५ मध्ये बेहारच्या (आजच्या सान आंतोनियोच्या) लढाईत जायबंदी झाला होता. ज्या देशासाठी रक्त सांडले, तेथे राहू देण्यासाठी त्याला काँग्रेसकडे अर्ज करावा लागला, कारण स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या वास्तव्यालाही नव्या घटनेने संमतीची अट घातली होती.

आणि अलामो? तेथला सेनानी विल्यम ट्रॅव्हिस याचा ‘जो’ (Joe) नावाचा गुलाम तेथून जिवंत परतला. नव्या सरकारच्या मंत्र्यांनी गडाच्या पाडावाची हकीकत त्याच्या तोंडून ऐकली आणि त्याला ट्रॅव्हिसच्या इस्टेटीकडे परत धाडले. टेक्सासच्या बाजूने युद्धाचा निकाल लावणाऱ्या सान हासिंतोच्या विजयाला बरोबर एक वर्ष झाले, त्या दिवशी, २१ एप्रिल १८३७ रोजी, तो पळाला. त्याला पकडून आणणाऱ्यास ५० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले.